‘गे असाल तर चर्चमध्ये बढती पक्की’ म्हणे!

ग्रुपाग्रुपांत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘अँग्लिकन चर्चमध्ये आता गे असणं हीच बढतीची शिडी. वेल्सची आर्चबिशप लेस्बियन. जेफ्री जॉन नियम मोडूनही डीन झाले. मग अन्याय कसला?’

अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली चर्चेस. वेल्सचं आधी उरकू. चेरी व्हॅन २०२५ मध्ये तिथल्या आर्चबिशप झाल्या, हे खरं. पण चर्च इन वेल्सचा कारभार स्वतंत्र आहे, इंग्लंडशी त्याची गल्लत नको. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही याच अँग्लिकन गोतावळ्यात येतं. वेल्सवरून मुंबईतल्या पाद्र्याचं भविष्य सांगणार का?

जेफ्री जॉन हे चर्च ऑफ इंग्लंडचे समलिंगी पाद्री. त्यांच्याबद्दलचं ‘नियम मोडून’ हे मात्र धडधडीत खोटं. इंग्लंडच्या बिशपांनी १९९१ मध्ये ठरवलं होतं की समलिंगी पाद्र्याने शरीरसंबंध ठेवायचा नाही. मे २००३ मध्ये रेडिंगच्या बिशपपदासाठी जॉन यांचं नाव जाहीर झालं, तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं की जोडीदाराची साथ १९७६ पासूनची आहे, पण आपण ब्रह्मचर्य पाळतो. तरीही नऊ बिशपांनी जाहीर पत्र काढून विरोध केला. एकनिष्ठ समलिंगी नात्यांना चर्चने मान्यता द्यावी असं जॉन उघडपणे मांडत आले होते, आणि ते विरोधकांना खुपत होतं. खुपू दे. वेगळं मत मांडणं म्हणजे नियम मोडणं नव्हे.

पुढे चर्च ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी त्यांना आपल्या लंडनच्या निवासस्थानी, लॅम्बेथ पॅलेसमध्ये बोलावलं. तासन् तास बोलणं झालं आणि ६ जुलैला जॉन यांची माघार जाहीर झाली. खुद्द विल्यम्स या बाबतीत उदार मताचे! पण नायजेरियासारखी मोठी चर्चेस अँग्लिकन गोतावळ्यातून फुटून निघतील ही धास्ती होती.

शिडीचं म्हणाल तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशरला उघडपणे समलिंगी असलेले जीन रॉबिन्सन बिशप झाले, ते झग्याखाली बुलेटप्रूफ जाकीट घालून. आणि इंग्लंडात पाद्री जेरेमी पेम्बर्टन यांनी २०१४ मध्ये आपल्या पुरुष जोडीदाराशी लग्न केलं, तर चर्चने परवाना नाकारला आणि रुग्णालयातल्या पाद्र्याची नोकरी हुकली. ते कोर्टात गेले, २०१८ मध्ये अपिलातही हरले. धर्मसंस्थांना कायद्यात तशी सूट आहे.

राहिलं डीनपद. जॉन २००४ मध्ये सेंट ऑल्बन्सचे डीन झाले, बरोबर. पण डीन सांभाळतो एक कॅथेड्रल, म्हणजे बिशपच्या क्षेत्रातलं मुख्य चर्च. नव्या पाद्र्यांना दीक्षा देण्याचा अधिकार बिशपचा, आणि ते पद त्यांना कधीच मिळालं नाही. २०१७ मध्ये लँडाफच्या बिशपपदासाठी त्यांचं नाव पुन्हा चर्चेत आलं आणि पुन्हा मागे पडलं. समलिंगी असल्यामुळेच आपल्याला डावललं, असं त्यांनी पत्रात लिहिलं. चर्चने ते नाकारलं. लँडाफ कुठे आहे? मेसेजवाल्यांच्या त्याच वेल्समध्ये.

२०२१ मध्ये जॉन सेंट ऑल्बन्स सोडून पॅरिसच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये गेले. सहायक पाद्री म्हणून.