दाखला मागितला की पोरगी बेइमान?

आज सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबलं.

भाचीला घेऊन तिच्या कॉलेजात गेले होते, कॉलेज सोडल्याचा दाखला काढायला. एफवाय बीएस्सी झालीय, ४०० मीटर हर्डल्स पळते, एसवायला पुण्यात ॲडमिशन मिळतेय आणि तिथले एक कोच तिला घ्यायला तयार आहेत. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या, फॉर्म दिला, नो ड्यूजचा कागद दिला, लायब्ररीची सही झाली, लॅबमध्ये एक फुटलेलं ब्युरेट निघालं त्याचे पैसे भरले, आणि मग जिमखान्यात गाडी अडली. तिथले सर पोरीकडे न बघता मला म्हणाले, "मॅडम, घडवायचं आम्ही आणि ह्यांनी पुण्याला पळायचं. बेइमानी आहे ही." मग म्हणाले आंतरविभागीय स्पर्धा होऊ देत, सहीचं नंतर बघू. स्पर्धा नोव्हेंबरात. तिकडे ॲडमिशनची शेवटची तारीख पुढचा शुक्रवार.

एकोणीस वर्षांची पोर, खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत उभी होती.

मला एकदम १९९९ आठवलं. जुन्या मंडळींना माहितीये मी खो-खो खेळायचे. तालुक्याचं कॉलेज, टीमला नऊ मुली जमवताना मारामार, प्रॅक्टिस सुटायची साडेसहाला आणि आमच्या गावाची शेवटची एसटी पावणेसहाची. वर्षभर कुणाच्या तरी दुधाच्या गाडीतून घरी आले. मग आण्णा, माझे वडील, म्हणाले आत्याकडे शहरात राहा, तिथल्या कॉलेजात जा. दाखला मागितला तर सर म्हणाले आधी ट्रॅकसूट जमा करा. मरून रंगाचा होता, पांढऱ्या पट्ट्यांचा. आईने धुतला, मी इस्त्री केली, आण्णा कापडी पिशवीत घालून एसटीने घेऊन गेले. तर म्हणे स्टॉक रजिस्टर सापडत नाही, पुढच्या सोमवारी या. आण्णांनी अशा चार खेपा घातल्या, दर खेपेला पिशवीत तोच ट्रॅकसूट. दाखला हातात पडला ऑक्टोबरात. ॲडमिशन बंद. वर्ष गेलं. ते वर्ष मी इंग्लिश टायपिंग ३० च्या क्लासला जाऊन काढलं.

आणि आज पंचवीसेक वर्षांनी तेच. खो-खोत खो मिळाला की निदान बसलेला माणूस उठून पळतो तरी, ऑफिसात ह्या टेबलावरून त्या टेबलावर नुसता खो, उठत कुणीच नाही.

बरं, पोरगी का चाललीये ते कुणी विचारलं का तिला? ४०० हर्डल्सला दहा अडथळे लागतात. कॉलेजकडे आहेत तीन, त्यातला एक वाकलेला. दोन अडथळ्यांच्या मधे ३५ मीटर असतात, त्यात पावलं मोजून टाकायची असतात, एक पाऊल इकडेतिकडे झालं की लय तुटते. ही पोरगी मुरमाच्या ग्राउंडवर, २०० मीटरच्या वळणांवर, वर्गातली बाकं आडवी टाकून ती पावलं बसवते. पुण्यात बालेवाडीला १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी अख्खं क्रीडा संकुल उभं राहिलंय, सिंथेटिक ट्रॅक आहे, तिथे जावंसं वाटलं तर ती बेइमानी? वर बीएस्सीला प्रॅक्टिकल्स. स्पर्धेला गेली की ७५ टक्के हजेरी बोंबलते. मागच्या वर्षी तिचा मेडलवाला फोटो गेटवरच्या फ्लेक्सवर होता आणि आत नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव होतं. मी स्वतः दोन्हीचे फोटो काढलेत.

आणि फक्त खेळाडूंचंच असं नाही. माझ्या मैत्रिणीचा मुलगा इंजिनिअरिंगला लांब टाकला होता, तिसऱ्या आठवड्यात रोज रात्री फोन, जेवण जात नाही, झोप नाही. परत आणायचं ठरवलं तर कॉलेज म्हणे फी विसरा आणि मूळ मार्कशीट नंतर मिळेल. मूळ कागद अडवून ठेवायचे नाहीत असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ सालीच सांगितलंय, पण ते पत्रक छापून घेऊन त्यांच्या टेबलावर ठेवावं लागलं तेव्हा कुठे कपाटाची किल्ली सापडली. पोरं कॉलेज का सोडतात? विषय चुकला, पैसे संपले, हॉस्टेलला त्रास झाला, घरी कुणी आजारी पडलं, शेवटची एसटी पावणेसहाची आहे. इतकी साधी कारणं असतात. मौज म्हणून कुणी मायग्रेशनच्या रांगेत उभं राहत नाही हो.

कारण त्या रांगेतून गेल्यावर काय होतं तेही ऐका. दाखला, मायग्रेशन, एलिजिबिलिटी, नवीन पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी नंबर, स्कॉलरशिपला परत नव्याने सगळे कागद. कागदावर म्हणे सगळं सोपं झालंय, २०२१ पासून ती ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, पास केलेल्या पेपरांचे क्रेडिट्स ऑनलाइन खात्यात जमा होतात, सात वर्षं टिकतात, कुठेही न्या. भाचीचा आयडी आहे, क्रेडिट्स दिसतातही. पण तिचा मायनर, म्हणजे दुय्यम, विषय पुण्याच्या कॉलेजात नाहीच, आणि इकडचा एक पेपर तिकडच्या कुठल्या पेपरला धरायचा हे अजून कुणी सांगत नाहीये, म्हणजे एसवाय करता करता एफवायचं काहीतरी परत द्यावं लागणार. बँकेत पैसे आहेत, चेक वटत नाही. एवढं करून तिकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी टीममध्ये घेतील असंही नाही, तिथे आधीच्या मुली आहेत, त्यांना ही गावाकडून आलेली उपरी वाटणार, मेसचं जेवण, कॉट बेसिसवर रूम. ताई, म्हणजे तिची आई, तर रात्रीची झोपत नाहीये.

हो, मान्य. दरवर्षी कॉलेज बदलणारी पोरंही असतात, जो किट नि डाएट जास्त देईल त्याच्याकडे. आणि शहरातली काही कॉलेजं आयती तयार पोरं उचलून फ्लेक्स लावतात तेही खरंय. एका वर्षात दोन विद्यापीठांकडून खेळता येत नाही हा नियम बरोबरच आहे. झालं, केलं मान्य.

पण मग पोरं पंजाबकडे का जातात ते तरी बघा ना. विद्यापीठांच्या खेळातली सगळ्यात मानाची मौलाना आझाद ट्रॉफी, ती २०२४ ला चंदीगड युनिव्हर्सिटीने नेली, पंजाबातलं खासगी विद्यापीठ. फी माफ, राहणं, खाणं, कोच. आपण इथे बसून सही अडवतोय.

अमेरिकेत राहणारा माझा मावसभाऊ सांगतो, तिकडे आधी बहुतेक मोठ्या खेळांत कॉलेज बदललं की वर्षभर बाहेर बसावं लागायचं. २०१८ मध्ये कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंसाठी ऑनलाइन पोर्टल आलं, पोराने नाव टाकलं की दुसऱ्या कॉलेजचे कोच थेट बोलू शकतात, जुन्या कोचला सही अडवून बसता येत नाही. आणि २०२१ पासून एकदा बदलताना ते वर्षभर बसणंही गेलं. आता तिकडे उलटी रड आहे म्हणे, दर सीझनला अर्धी टीम नवीन, आणि पोर्टलमध्ये नाव टाकून बसलेल्या कितीतरी पोरांना कुणीच घेत नाही, जुनी स्कॉलरशिपही जाते. म्हणजे तिकडेही सगळं आलबेल नाही. पण निदान जिमखान्याच्या सहीसाठी कुणाचा बाप एसटीने चार खेपा घालत नाही.

आणि "आम्ही घडवलं" म्हणता ना? १९५२ ला पैलवान खाशाबा जाधवांना ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. ते म्हणाले असते आम्ही घडवलं, तर मी पाया पडले असते. नेमबाज स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढे बालेवाडीत सराव केला, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमधून ब्राँझ आणलं. तो कोल्हापूर सोडून गेला म्हणून कुणी बेइमान म्हणालं का? मेडल आलं की सगळे आपलेच.

हे सगळं टाइप करता करता चहा गार झाला आणि एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय मघापासून. लिहितेच.

ते माझे १९९९ चे सर. पाचसहा वर्षांपूर्वी आमच्या टीममधली एकजण लग्नात भेटली, तिने सांगितलं की ते मरून ट्रॅकसूट सरांनी स्वतःच्या पगारातून घेतले होते. कॉलेजने बिल पासच केलं नव्हतं. म्हणून रजिस्टरमध्ये नोंद नव्हती, म्हणून ते "सापडत नव्हतं". सर कधी बोलले नाहीत. मैदानावर पाणी मारायला पण तेच असायचे, सकाळी साडेपाचला, लुंगीवर. मी गेल्यावर त्या वर्षी नऊ मुली भरल्याच नाहीत, टीम उतरली नाही. मी त्यांना तोवर वीसेक वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

तरी माझं वर्ष त्यांनी घालवलं ते घालवलंच. आण्णांच्या चार खेपा पण. दोन्ही खरं आहे, मला त्याचं काय करायचं कळत नाही.

आजच्या सरांनाही असेच पाणी मारताना बघितलंय भाचीने, तीच म्हणाली गाडीत. मी तावातावाने प्राचार्यांकडे तक्रार करू म्हणत होते, तर म्हणे, "मावशी नको, सर तसे नाहीयेत, उद्या मी एकटी बोलते त्यांच्याशी." मी म्हणलं एकटी नाही जायचं, मी बाहेर बाकावर बसेन पण येणार. शुक्रवारच्या आत सही झाली नाही तर प्राचार्य, आणि त्यांनी ऐकलं नाही तर पुढे, सोडत नाही मी ह्यावेळी.

उद्या अकराला परत जायचंय. आत्ता ताईचा फोन येऊन गेला, कुणी काही न सांगता पोरीने कॉलेजचा ट्रॅकसूट धुवून वाळत घातलाय.