लेखी काही देऊ नका

अभिनंदन. ठाण्यात घोडबंदर रोडला म्हणा, नवी मुंबईत ऐरोलीत म्हणा, तुमची शाळा उभी राहिली. गेटला कमान झाली, नावात 'इंटरनॅशनल' आलं, गणवेशाचं दुकानही ठरलं. आणि ऐन जूनच्या तोंडावर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, सोडतीची यादी येऊन थडकली. पहिलीच्या शंभर जागांतल्या पंचवीस गरीब आणि वंचित घरांतल्या पोरांना, त्याही फुकट. पोरं कुठली, तर दिघ्याची, तुर्भे स्टोअरची, वागळे इस्टेटच्या चाळींतली. बीपी वाढणं साहजिक आहे. पण धीर सोडू नका. कायदा तुमच्या बाजूनं नसला तरी काउंटर तुमच्या बाजूनं आहे, आणि आपल्याकडे गरिबाचं काम अडतं ते काउंटरवरच.

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा. कायद्याशी समोरासमोर भांडायला जाऊ नका. जे गेले त्यांचं काय झालं बघा. शाळाचालक पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तर 12 एप्रिल 2012 ला निकाल लागला की विनाअनुदानित खासगी शाळांनाही 25 टक्के जागा द्याव्याच लागतील. मग 9 फेब्रुवारी 2024 ला साक्षात राज्य शासनाला तुमची दया आली. अधिसूचना निघाली, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या 25 टक्क्यांतून सूट. दाट वस्तीच्या शहरांत अशी एखादी शाळा जवळपास असतेच, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एका कागदात सुटला होता. पण काही पालक आणि संघटना वकील घेऊन उच्च न्यायालयात पोहोचल्या. 6 मे रोजी स्थगिती आली, 19 जुलैला अधिसूचना रद्द झाली, कारण नियम बदलून मूळ कायद्याला बगल देता येत नाही. 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घालायला नकार दिला. बरोब्बर सहा महिन्यांत खेळ खलास.

शासनाचं चुकलं कुठं? त्यांनी लेखी दिलं. जे लेखी असतं त्याची झेरॉक्स निघते, झेरॉक्स वकिलाकडे जाते, आणि पुढचं तुम्ही आत्ताच वाचलंत. तेव्हा 'प्रवेश नाकारण्यात येत आहे' हे वाक्य तुमच्या लेटरहेडवर जन्मात उमटता कामा नये.

समजा, एक बाप आला. तुर्भ्याला नाक्यावर उभा राहून बिगारी करणारा. आज खाडा करून आलाय हे त्याच्या इस्त्रीच्या शर्टावरूनच कळतं. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सोडतीत नंबर लागल्याचा कागद, त्याची घडी मोडू नये म्हणून मागे पुठ्ठा. याला हाकलू नका. हाकललेला माणूस चिडतो आणि चिडलेला माणूस कुणाला तरी जाऊन सांगतो. वॉचमनच्या वहीत नाव, वेळ आणि मोबाईल नंबर लिहायला लावा. सही त्याची, वही तुमची. मग बाकावर बसवा. साडेअकराला क्लार्कबाईंनी बाहेर येऊन सांगावं, "दादा, मॅडम राउंडला गेल्यात." साडेबाराला, "आमच्या लॉगिनला तुमचं नाव दिसत नाहीये अजून." दीड वाजता, "असं करा ना, सोमवारी या." सोमवारी सर्व्हर डाउन. सर्व्हरइतका इमानी नोकर तुम्हाला पगार देऊनही मिळायचा नाही. मुदत एकदाची संपली की मनापासून हळहळा: "अहो दादा, वेळेत नाही का यायचं?" तो वेळेत आला होता याचा पुरावा वॉचमनच्या वहीत आहे, म्हणून वही त्याच दिवशी माळ्यावर टाका.

कधी कधी तो अर्ज लिहून आणतो. अर्ज हसतमुखानं घ्या, पाणी विचारा. पोच मागितली की मात्र चेहऱ्यावर कोरं आश्चर्य आणा. शिक्का ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची चावी मॅडमकडे, आणि मॅडम कुठं आहेत ते वर आलंच.

कागदपत्रं तपासायचं काम खरं तर पडताळणी समितीचं, आणि ते शाळेच्या दारात येण्याआधी उरकलेलंही असतं. तरीही तुम्ही पुन्हा तपासा. यात मजा फार आहे. अर्ज भरताना घराची जागा नकाशावर दाखवावी लागते, कारण शाळेपासूनचं अंतर त्यावर ठरतं. इलठणपाड्यासारख्या डोंगरावर चढत गेलेल्या वस्तीत गल्लीला नाव आणि घराला नंबर असेलच असं नाही. पत्ता काय, तर अमक्या किराणा दुकानाच्या मागे. सायबर कॅफेतल्या पोरानं रांग बघून घाईत खूण टेकवली आणि ती पडली धरणात. तुम्ही स्क्रीन त्या माउलीकडे फिरवा आणि अतिशय गंभीरपणे म्हणा, "ताई, तुमचं घर पाण्यात दिसतंय."

मग नोंदणीकृत भाडेकरार मागा. ज्या घरमालकाचं घरच सरकारी कागदावर नाही, तो दुय्यम निबंधकाकडे सही करायला कशाला जाईल? पुढं उत्पन्न. दुर्बल घटकासाठी मर्यादा वर्षाला एक लाख, म्हणजे महिन्याला 8,333 रुपये. बापाच्या खिशातल्या मोबाईलकडे बघत "हा कितीचा?" एवढंच विचारा, बाकी काही बोलावं लागत नाही. (अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना उत्पन्नाची अटच नाही. हे तुम्हाला माहीत असलं तरी तुमच्या क्लार्कला माहीत नसावं.) जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही असं कायद्याचं कलम 14 म्हणतं, तेव्हा जन्मदाखला मागताना कलमाचा आकडा तेवढा काढू नका.

मुलाखत घेऊ नका. म्हणजे घ्या, पण तिला मुलाखत म्हणू नका. मुलाची किंवा पालकांची चाचणी घेतली तर पहिल्या वेळेला 25 हजार आणि पुढं दर वेळेला 50 हजारांपर्यंत दंड आहे. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. त्यामुळे आपण फक्त "बाळाशी गप्पा मारतो", तेही इंग्रजीत.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ. या मुलांच्या फीची भरपाई म्हणून शासन एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये प्रतिपूर्ती देतं. म्हणजे द्यायचं असतं. ती वेळेवर येत नाही, वर्षानुवर्षं थकते, आणि छोट्या शाळांचं त्यात कंबरडं मोडतं हे मी मस्करीत सांगत नाही. यावर सरळ रस्ता म्हणजे सरकारकडे भांडणं. पण सरकार मोठं, मंत्रालय लांब, आणि शाळेची मान्यताही त्यांच्याच हातात. त्यापेक्षा पहिलीतल्या मुलीच्या आईकडून वसूल करणं किती सोपं! ॲक्टिव्हिटी, स्मार्ट क्लास, डायरी, स्नेहसंमेलन. शिक्षणात आडवं येईल असं कोणतंही शुल्क किंवा खर्च मुलाच्या माथी मारू नये, असं कलम 3 सांगतं. म्हणून पावती साध्या वहीच्या पानावर द्या, किंवा देऊच नका. पैसे नाही दिले तर निकाल अडवा. आई कंटाळून म्हणाली की पालिकेच्या शाळेत घालते, तर शाळा सोडल्याचा दाखला अडवा. तो ताबडतोब द्यायचा असतो, आणि तो आला नाही म्हणून पालिकेच्या शाळेनं पोराला बाहेर ठेवायचं नसतं. पण ही गोष्ट तुमच्या मुख्याध्यापकांनाही माहीत नसते आणि तिकडच्याही, त्यामुळे निभावून जातं.

मनात कुठं अपराधी वाटलंच तर आपली परंपरा आठवा. महात्मा फुल्यांनी 1882 साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून निवेदन दिलं. गोखल्यांनी 1911 ला सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, तर पुढच्या वर्षी ते 38 विरुद्ध 13 मतांनी आपटलं. मूलभूत हक्क म्हणून ते घटनेत आलं 2002 ला आणि कायदा अमलात आला 1 एप्रिल 2010 ला. एवढी वर्षं थांबलेल्यांना आणखी एक सोमवार थांबायला सांगितलं तर असं काय आभाळ कोसळतं? (शाहू महाराजांनी 1917 लाच कोल्हापुरात सक्तीचं शिक्षण आणलं, पण त्यांचं उदाहरण ट्रस्टच्या मीटिंगमध्ये काढू नका. मूड जातो.)

या सगळ्या व्यवस्थेला धोका एकाच जातीच्या माणसाचा. तिला ओळखायला शिका. बहुतेकदा ती बाई असते. सुती ड्रेस, खांद्याला झोळी, झोळीत क्लिपची फाइल. ती बापाच्या सोबत येते, बाकावर बसत नाही, आवाज चढवत नाही. म्हणते, "सर, नाकारताय ना, मग कारण लिहून द्या. नाहीतर एवढ्या अर्जाची पोच द्या." घाम तिथं फुटायला हवा. ही बहुधा विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेवक किंवा वस्तीत काम करणाऱ्या एखाद्या संस्थेतली वकील. पोच नाही दिलीत तर वाद न घालता निघून जाईल, आणि तोच अर्ज स्पीड पोस्टानं येईल. पोस्टमनला राउंडचं कारण सांगता येत नाही.

पुढचं सगळं पोस्टाच्या त्या चिठोऱ्यावर उभं राहतं. कलम 32 खाली पालिकेकडे लेखी तक्रार जाते, आणि पालिकेला ती तीन महिन्यांत निकाली काढावी लागते. नाही पटलं तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात ती शिक्षण विभागाला विचारते, की या शाळेत आरटीईच्या जागा किती, भरल्या किती, आणि शाळेनं प्रतिपूर्ती मागितली किती मुलांची. शेवटचा प्रश्न वाचून तुमचे अकाउंटंट रजेवर जातील. आणि सगळ्यात वाईट म्हणजे या वकिलांना पैसे लागत नाहीत. विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्यानं बायकांना आणि मुलांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. आईनं विधी सेवेच्या 15100 या नंबरला फोन केला, किंवा ठाण्यात कोर्ट नाक्याला जिल्हा न्यायालयात जाऊन अर्ज दिला, की झालं. तुमचा वकील तारखेचे पैसे घेणार आणि समोरचा फुकट लढणार, हा कुठला न्याय?

म्हणून काळजी एवढीच घ्या की ही माहिती बाकावर बसलेल्या दोन पालकांनी एकमेकांना देऊ नये. त्यांना वेगवेगळ्या वारी बोलवा. नंबर एक्स्चेंज करताना दिसले तर मध्येच नाव पुकारा. आरटीईच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप तर होऊच देऊ नका. एकटा बाप कपाळाला हात लावून घरी जातो, सात जण मिळून रिक्षा करतात आणि सरळ पाचपाखाडीला, नाहीतर बेलापूरला, पालिकेत जाऊन उभे राहतात.

कायमची सुटका हवी असेल तर धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक दर्जाचं बघा. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू होत नाही असं सांगितलं. विश्वस्तांपैकी बहुसंख्यांच्या घरी कोणती भाषा बोलतात याची चौकशी करायला हरकत नाही.

इतकं करूनही काही पोरं वर्गात येतीलच. त्यांना वेगळं बसवायचं नाही, वेगळ्या वेळेला बोलवायचं नाही असा नियम आहे. तुम्ही बसवूही नका. बाईंनी हजेरी घेताना फक्त "आरटीईवाले हात वर करा" म्हटलं की पुरे. पोरं हुशार असतात, दिवाळीपर्यंत आपापली जागा शोधून मागच्या बाकांवर जातात.

त्यातलंही एखादं चिवट निघतं. पुढच्या बाकावर बसतं, सातवीत वर्गात पहिलं येतं, विज्ञान प्रदर्शनात तुमच्या शाळेला ढाल मिळवून देतं, आणि तिचा फोटो तुम्ही बॅनरवर लावता. तिच्यासाठी तुम्हाला काहीच करावं लागणार नाही. फुकट शिक्षणाचा हक्क आठवीला संपतो. निकालाच्या दिवशी तिच्या आईच्या हातात नववीच्या पूर्ण फीचं पत्र ठेवा. लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि गोल शिक्क्यासह. पोचही घ्या.