एवढी मोठी नळी आणि सव्वाचार पट?

‘एवढी मोठी नळी आणि सव्वाचार पट?’ आज सकाळी तळ्याच्या काठावर, चारचौघांत, मला हे ऐकवलं गेलं. नळी म्हणजे माझी 70-300ची लेन्स. तिच्यासाठी आणि तिच्यामागच्या डीएसएलआरसाठी (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) मी माझा लाडका सुपरझूम (एकच न बदलणारी, पण लांबवर झूम होणारी लेन्स असलेला कॅमेरा) विकला, एवढीच पार्श्वभूमी पुरे.

बोलणारे काका फिरायला आलेल्या टोळक्याचे म्होरके होते. त्यांच्या गळ्यात निकॉनचा पी 900. मी विकला तोच. तोच म्हणजे तेच मॉडेल. नाहीतर मी तिथेच रडले असते.

‘किती एक्स?’ काकांनी विचारलं.

‘याला तसं एक्स नसतं, काका.’

‘म्हणजे झूम नाही?’

‘आहे ना. 70 ते 300.’

‘तीनशे पट!’ काका दोन पावलं मागे सरले. त्या क्षणी मी गप्प बसले असते तर दिवस बरा गेला असता. पण खरं बोलायची खोड.

‘पट नाही हो. मिलिमीटर.’

काकांनी डोळे मिटले आणि तोंडी भागाकार केला. तीनशे भागिले सत्तर. टोळकं श्वास रोखून उभं. ‘चार पूर्णांक अठ्ठावीस,’ त्यांनी निकाल दिला, आणि मग ते नळीचं वाक्य. ‘माझा 83 पट आहे. दोन हजार मिलिमीटर!’

मी इरेला पेटले. म्हटलं, पट हे नुसतं गुणोत्तर, त्यावरून पक्षी किती मोठा दिसेल ते कळत नाही. चित्र टिपणारा तुमचा सेन्सर जेमतेम 6 बाय साडेचार मिलिमीटरचा, माझा 24 बाय 16 च्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळाने तेरापट. तुमचे दोन हजार हे माझ्याहूनही मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरच्या हिशोबातले. इवल्याशा सेन्सरला चित्राचा मधला तुकडाच मिळतो, म्हणून पक्षी मोठा दिसतो. खरा आकडा लेन्सच्या तोंडावर छापलाय, वाचा.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कॅमेरा नाकाजवळ नेला आणि गोल फिरवत वाचलं, ‘4.3 ते 357.’

‘बघा!’ मी विजयी मुद्रेने म्हणाले.

‘म्हणजे तरीही तुमच्यापेक्षा सत्तावन्नने जास्तच की!’

टोळकं हसलं. एकाने तर टाळी दिली. यावर उत्तर आहे, पण ते द्यायला फळा लागतो.

मग काकांनी स्क्रीनवर खंड्या दाखवला. समोरच्या वाळक्या फांदीवरचाच, चोचीच्या टोकाला थेंब लटकलेला. माझ्या स्क्रीनवर तोच खंड्या म्हणजे एक निळा ठिपका. ‘हा कुठला पक्षी?’ काकांनी अगदी निरागसपणे विचारलं.

इथेही सुटका नव्हती. ‘तुमचा मोठा कॅमेरा आहे, तर आमचा एक ग्रुप फोटो काढा.’ आता 70 मिलिमीटरमध्ये पाच माणसं मावायची तर दहा-बारा पावलं मागे जावं लागतं. मी मागे जाऊ लागले. ‘अहो मॅडम, निघालात कुठे?’ ‘मावत नाही आहात!’ ‘मग झूम आउट करा की!’ ‘केलंय! याहून आउट होत नाही!’ हे सगळं ओरडून, आणि एव्हाना माझा एक बूट चिखलात. खंड्या अर्थातच उडाला. शेवटी काकांनी आपला कॅमेरा पूर्ण झूम आउट करून जागच्या जागी माझ्या हातात दिला. तो हातात कसा बसतो, हे माझ्या बोटांना अजून पाठ होतं.

बदलायला काही कारण नव्हतं असं नाही. सुपरझूमच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळ्याला लावायच्या इवल्या स्क्रीनवर, पक्षी दिसायचा तो क्षणभरापूर्वीचा. बटण दाबेपर्यंत रिकामी फांदी. सात फोटो धडाधड काढले की आठव्याला कॅमेरा विचारात पडायचा. उजेड थोडा कमी झाला की पक्ष्याच्या अंगावर रवा सांडल्यासारखे दाणे. आता आरशातून थेट पक्षीच दिसतो. परवा उडत्या बगळ्यावर फोकस टिकला, 1/2000 सेकंदात पंखांच्या टोकाची पिसं सुटी सुटी आली. तो फोटो मी अजून मोठा करून करून बघते. खटॅक आवाजाने बगळ्याने मान वळवली, तेही त्यात आलंय.

माझा राग काकांवर नाहीच. राग आहे तो जाणकारांवर. सुपरझूम हे खेळणं आहे, खऱ्या फोटोग्राफीला डीएसएलआरच हवा, असं हेच लोक एका सुरात सांगत होते. घेतला. मग म्हणाले, ‘पक्ष्यांना 300? अगं, 300 म्हणजे काहीच नाही.’ हे आधी सांगायला तोंड दुखत होतं? आता 150-600 घे म्हणतात. तिचं वजन दोन किलोच्या आसपास, म्हणजे ट्रायपॉड आला, ट्रायपॉडवर जड लेन्स तोलणारा गिंबल आला, आणि हे सगळं उचलायला कोण येणार ते कोणी सांगत नाही. जुना कॅमेरा गळ्यात अडकवून मी बाकावर बसून पक्षी टिपायचे. हल्ली पोटावर सरपटते, कारण ‘जवळ जा’ हा या मंडळींचा फुकटातला एकमेव सल्ला.

आणि कहर तर पुढेच आहे. घरी येऊन मी त्यांच्यापैकी एकाला फोन करून काकांचं गाऱ्हाणं सांगितलं. तो म्हणाला, ‘पण आता डीएसएलआर घेतं कोण? 2018 सालीच निकॉन आणि कॅनन दोघांनी फुल-फ्रेम मिररलेस आणले. आरसा गेला आता. मिररलेस घे.’

म्हटलं, त्यात व्ह्यूफाइंडर कसला असतो?

‘इलेक्ट्रॉनिक,’ तो म्हणाला. ‘एकदम मस्त.’