गेटऑप्ट्स टाकून द्या म्हणणारा तो मेसेज

सांगलीत कॉलेजच्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, शेल स्क्रिप्टमधे (टर्मिनलच्या कमांड लिहून ठेवलेल्या फाइलमधे) ऑप्शन, म्हणजे चालवताना पुढं लिहायचे -डी किंवा --फोल्डर असले शब्द, घ्यायची म्हणे सोपी पद्धत. तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला म्हणून हे लिहायला बसलो. पोरगा मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेबाचं कॉम्प्युटरचं काम बघतो. त्यानं एक स्क्रिप्ट केलीय, बटण दाबलं की वरून टर्मिनल खाली येतं आणि थेट पट्ट्यांच्या, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या कागदांच्या, फोल्डरमधे उघडतं, परत दाबलं की गायब. ग्वाके, याकुआके हे तयार प्रोग्रॅम करतात तेच, पण त्याला स्वतःच्या आवडीचं टर्मिनल हवं होतं. छान चालत होती, मेसेज वाचून त्यानं ऑप्शनचा सगळा भाग बदलला.

मेसेजचं म्हणणं असं: गेटऑप्ट्स (getopts, ऑप्शन वाचायची शेलमधलीच कमांड) जुनाट, गेटऑप्ट (getopt, त्याच कामाचा वेगळा प्रोग्रॅम) वापरा, ते सगळीकडं चालतं. नाहीतर सरळ $१, $२, $३ घ्या, म्हणजे दिलेला पहिला, दुसरा, तिसरा शब्द. --फोल्डर सारखे लांब ऑप्शन हवे असतील तर इव्हॅल (दिलेला मजकूर कमांड म्हणून चालवणारी कमांड) लावा, एका ओळीत काम होतं. $@ ला (सगळी आर्ग्युमेंट, म्हणजे स्क्रिप्टला दिलेले शब्द) कोट लागत नाहीत. आणि --, म्हणजे आपले ऑप्शन इथं संपले ही खूण, नुसतं दिसायला असतं.

इव्हॅलचं आधी, कारण बाकीच्यांनी फार तर स्क्रिप्ट मोडेल, ह्यानं डेटा जाईल. मेसेजमधली ओळ प्रत्येक आर्ग्युमेंटचे पुढचे दोन डॅश काढते आणि उरलेलं इव्हॅलला देते. म्हणजे --फोल्डर=हळद दिलं की फोल्डर=हळद ही ओळ शेल चालवतं आणि व्हेरिएबल तयार. उदाहरणात एकच शब्द घेतलाय म्हणून चाललं. भाच्याच्या फोल्डरचं नाव 'हळद पट्ट्या', मधे स्पेस. तुम्ही बाहेरून कोट घालून दिलं तरी इव्हॅल ती ओळ नव्यानं वाचतं, आणि शेलचा नियम असा की फोल्डर=हळद नंतर स्पेस सोडून आणखी शब्द आला तर तो शब्द म्हणजे कमांड आणि व्हेरिएबलची किंमत तेवढ्या कमांडपुरतीच. मग शेल 'पट्ट्या' नावाची कमांड शोधत बसतं, कमांड नॉट फाउंड, आणि फोल्डर रिकामंच राहतं. पुढं स्क्रिप्टमधे सीडी $फोल्डर (त्या फोल्डरमधे जा), तेही कोटाशिवाय, आणि नुसतं सीडी म्हणजे होम डिरेक्टरी. टर्मिनल खाली येतं, सगळं ठीक दिसतं, पण उभे आहोत भलतीकडंच, आणि तिथं कुणी जुन्या पट्ट्या साफ करायची कमांड मारली तर होममधलं काय काय जाईल ते बघा. एरर सुद्धा दिसत नाही, कारण स्क्रिप्ट बटणावरून चाललीय, एररचा मजकूर पडद्यावर येतच नाही.

ही नुसती स्पेसची गोष्ट झाली. फोल्डर 'आवक & जावक' असेल तर 'जावक' कमांड म्हणून चालवायला बघेल, नावात अर्धविराम आला तर त्यापुढचं सगळं चालेल, $( ) आलं तर त्याच्या आतलं. कुणीतरी पाठवलेल्या झिपमधे असल्या नावाचं फोल्डर असलं की झालं. हे पोरांना सोपं म्हणून शिकवायचं?

ह्या इव्हॅलचं मूळ कुठं असावं ते कळतं. लिनक्सवर युटिल-लिनक्स ह्या कमांडच्या संचातलं जे सुधारलेलं गेटऑप्ट येतं त्याच्या वापरात इव्हॅल सेट -- अशी ओळ खरंच असते, पण तिथं गेटऑप्टनं स्वतः प्रत्येक शब्द नीट कोट करून दिलेला असतो. मेसेजवाल्यानं इव्हॅल तेवढं उचललं, कोटिंग सोडून दिलं.

आता जुनाट कोण ते बघू. गेटऑप्ट आधीचं, गेटऑप्ट्स नंतरचं, ते १९८६ मधे युनिक्सच्या सिस्टिम व्ही रिलीज ३ ह्या आवृत्तीच्या बोर्न शेलबरोबर आलं. युनिक्ससारख्या सिस्टिमसाठी ठरवलेल्या पॉझिक्स स्टँडर्डमधे गेटऑप्ट्सच्या पानावर कारण लिहिलंय: सिस्टिम व्ही चं गेटऑप्ट न घेता हे घेतलं, कारण ऑप्शनच्या किमतीत स्पेस असली तरी हे नीट हाताळतं. म्हणजे 'हळद पट्ट्या' चाच प्रश्न, आणि तो सोडवायला स्टँडर्डनं गेटऑप्ट्स निवडलं. आणि सगळीकडं चालतं म्हणाल तर मॅकवर जुनंच गेटऑप्ट आहे, तिथं लांब ऑप्शनही नाहीत आणि स्पेसचीही बोंब.

$१, $२ वाल्या सल्ल्यावर फार बोलायचं नाही. शब्द नुसत्या क्रमानं घेताना टर्मिनलच्या उंची आणि रुंदीची अदलाबदल झाली की कळतं. कोटांचंही तेच, "$@" कोटात असेल तरच आर्ग्युमेंट जशास तशी पुढं जातात.

पण -- दिसायला असतं हे मात्र सोडवत नाही. समजा आपल्या स्क्रिप्टमधे -डी म्हणजे फोल्डर, आणि टर्मिनलमधे एचटॉप -डी १० चालवायचंय (एचटॉप म्हणजे चालू प्रोग्रॅम दाखवणारी कमांड). तिथं -डी म्हणजे किती वेळानं रिफ्रेश करायचं, सेकंदाच्या दहाव्या भागात. युटिल-लिनक्सचं गेटऑप्ट शब्दांची फेरमांडणी करतं, त्यामुळं मधे -- नसेल तर एचटॉपचा -डी आपली स्क्रिप्ट गिळते आणि '१०' नावाचं फोल्डर शोधते. म्हणजे मेसेजनं सांगितलेलं गेटऑप्ट वापरलं तर -- आणखीच लागतं. गेटऑप्ट्स तसं करत नाही, ऑप्शन नसलेला पहिला शब्द आला की ते थांबतं.

एक गोष्ट मान्य करायलाच लागते, गेटऑप्ट्सला लांब ऑप्शन येत नाहीत. हवेच असतील तर व्हाईल लूप, आत केस "$१", प्रत्येक ऑप्शनची आपली ओळ आणि शिफ्ट २, म्हणजे पुढचे दोन शब्द काढून टाकणं. चार ओळी जास्त, इव्हॅल कुठंच नाही, ओळखीचा नसलेला ऑप्शन शेवटच्या * मधे पकडून नोटिफाय-सेंडनं पडद्यावर दाखवता येतो. फक्त शिफ्ट २ च्या आधी $# (उरलेल्या शब्दांची संख्या) निदान दोन आहे का ते तपासा, कारण --उंची दिलं आणि आकडा द्यायचा राहिला तर बॅशमधे शिफ्ट २ फेल होतं आणि काहीच सरकत नाही, लूप तिथंच फिरत राहतो, आणि बटणावरून चालवली असेल तर टर्मिनल येत नाही, एरर येत नाही, नुसता पंखा जोरात फिरायला लागतो.