‘साहेबांना कोर्टानं सोडलं’

२०२५ च्या गणपतीत सिंगापूरहून गावी गेलो होतो. आमचे घर म्हसळा तालुक्यात आहे आणि महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे गाव आंबेतही त्याच तालुक्यातले असल्यामुळे राजकारणाची कोणतीही चर्चा आमच्याकडे फिरून फिरून अंतुल्यांपाशी येतेच. रात्रीची आरती आटोपून माणसे पडवीत टेकली होती. आठवडाभर आधी, २० ऑगस्टला, लोकसभेत १३० व्या घटनादुरुस्तीचे विधेयक मांडले गेले होते. पाच वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात सलग तीस दिवस कोठडीत राहणाऱ्या मंत्र्याचे, मुख्यमंत्र्याचे, अगदी पंतप्रधानाचेही पद जावे, असे ते विधेयक. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलून झाल्यावर माझ्या थोरल्या चुलतभावाने, दादाने, शेवटचे पान टाकावे तसे वाक्य टाकले. “असला कायदा तेव्हा असता तर विरोधकांनी अंतुलेसाहेबांना महिनाभरात संपवलं असतं. आणि शेवटी काय झालं? अठ्ठ्याऐंशी साली सुप्रीम कोर्टानं सोडलंच ना त्यांना निर्दोष!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हणालो, निर्दोष म्हणून नाही सोडले. त्यावर दादाने सुपारी कातरता कातरता माझ्याकडे न पाहताच म्हटले, “तुमच्या सिंगापुरात नसतील सोडत.” पडवी हसली आणि विषय मोदकांवर गेला. मी मात्र त्या वाक्यापाशीच राहिलो. परतीच्या विमानात, चांगी विमानतळाहून घरी जाताना मेट्रोत, आणि आता हे लिहायला बसल्यावरही ते डोक्यातून जात नाही.

चीड येते ती अंतुल्यांची नव्हे. २९ एप्रिल १९८८ चा निकाल काय होता हे पडवीतल्या एकालाही ठाऊक नव्हते आणि तरीही तो सगळ्यांना तोंडपाठ होता, याची येते. त्या दिवशी सात न्यायमूर्तींच्या पीठाने, मुख्यमंत्री असताना सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात अंतुल्यांनी आपल्या ट्रस्टसाठी पैसे घेतले की नाही यावर एक अक्षरही निवाडा दिला नाही. निवाडा होता तो खटला कोणी चालवायचा याचा. १९५२ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार असे खटले फक्त विशेष न्यायाधीशांपुढेच चालायला हवेत, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच हा खटला मुंबई उच्च न्यायालयाकडे सोपवला ही चूक झाली, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यायालयाच्या चुकीचा भुर्दंड पक्षकाराला बसू नये, हे तत्त्व लावून तो हुकूम मागे घेतला गेला. न्यायालयाने आपली चूक कबूल करावी हे मोठेपणाचेच लक्षण आहे. पण त्याचा अर्थ खटला पुन्हा पहिल्या पायरीवर गेला एवढाच होता.

त्याआधीची हकिकत तर एखाद्या वकिलाने गंमत म्हणून रचावी अशी आहे. भाजपचे रामदास नायक यांची पहिली तक्रार सप्टेंबर १९८१ ची, ती लोकसेवकावर खटला भरायला लागणारी पूर्वमंजुरी नाही म्हणून फेटाळली गेली. जुलै १९८२ मध्ये राज्यपालांनी मंजुरी दिली, तेव्हा दुसरी तक्रार झाली. १९८३ मध्ये विशेष न्यायाधीशांनी सांगितले की आमदार हा लोकसेवक आहे, त्या नात्याची वेगळी मंजुरी नाही, सबब आरोपी मुक्त. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की आमदार लोकसेवक नव्हे, मंजुरीची गरज नाही, खटला चालवा. उच्च न्यायालयात ५७ साक्षीदार तपासून झाले, २१ आरोप निश्चित झाले, २२ नाकारले गेले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही बदलून आणखी आरोप ठेवायला सांगितले. आणि मग १९८८ आले. डिसेंबर १९९१ मध्ये पुन्हा घटनापीठ बसले ते अंतुल्यांच्याच अर्जावर. त्यांचे म्हणणे होते की एवढा उशीर झाला, आता खटलाच रद्द करा. न्यायालयाने शीघ्र न्यायचौकशी हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले, मात्र त्याला वर्षांची मुदत ठरवून देता येत नाही असे सांगितले आणि खटला काही रद्द केला नाही. कायद्याचे विद्यार्थी आजही अंतुल्यांच्या नावाचे निकाल पाठ करतात. फौजदारी खटल्यात दोषी ठरवणारा निकाल मात्र त्यांच्याविरुद्ध कधीच लागला नाही, आणि ही गोष्ट दादाने म्हटली असती तर मी मुकाट्याने मोदक खाल्ला असता.

आता सिंगापूर. दादाने डिवचले म्हणून नव्हे, तर तुलना खरोखर नेमकी आहे म्हणून. आमचे तेव्हाचे वाहतूकमंत्री एस. ईश्वरन यांना जुलै २०२३ मध्ये अटक झाली, १८ जानेवारी २०२४ ला त्यांच्यावर आरोप ठेवले गेले, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला बारा महिन्यांची कैद झाली. सरकारी वकिलांनी सहा ते सात महिने मागितले होते, न्यायाधीशांनी जवळजवळ दुप्पट दिले. घेतलेल्या वस्तूंची किंमत चार लाख सिंगापूर डॉलरच्या थोडी वर होती आणि त्यांत फॉर्म्युला वनची आणि नाटकांची तिकिटे, व्हिस्की, गोल्फचे साहित्य आणि एक ब्रॉम्प्टन सायकल होती. देणाऱ्यांत एक हॉटेलवाले उद्योगपती होते, दुसरे बांधकाम कंत्राटदार, आणि दोघांच्याही व्यवसायाचा मंत्र्यांच्या कामाशी संबंध येत होता.

ईश्वरन ज्या कलमाखाली अडकले ते पीनल कोडचे कलम १६५, आणि हे मला त्या दिवशी बातमी वाचताना चटकन लक्षात आले, कारण अंतुल्यांविरुद्धच्या तक्रारीतही कलम १६५ होते. हा योगायोग नव्हे. मेकॉलेच्या मसुद्यावरून १८६० साली भारताचा दंडविधान कायदा झाला आणि तोच पुढे १८७२ पासून सिंगापूरसह स्ट्रेट्स सेटलमेंट्सला लागू झाला. १८६७ पर्यंत तर हा मुलूख कलकत्त्याच्याच अमलाखाली होता. एकाच माळ्याने लावलेल्या कलमाच्या या दोन फांद्या. ज्याच्या कामाशी आपल्या अधिकाराचा संबंध येतो त्याच्याकडून लोकसेवकाने पुरेसा मोबदला न देता मौल्यवान वस्तू घेतली की गुन्हा झाला, त्या बदल्यात कोणते काम करून दिले हे सिद्ध करण्याची गरज नाही, हे त्याचे मर्म. भारतात १९८८ च्याच सप्टेंबरात हे कलम दंडविधानातून निघून नव्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात गेले. इकडे त्याला क्वचितच कोणी हात लावत असे, पण ते जागेवर होते.

याच कलमात दादाच्या दुसऱ्या युक्तिवादाचेही उत्तर आहे. “साहेबांनी खिशात कुठं घातले? ट्रस्टला घेतले,” असे आमच्याकडे गेली चाळीस वर्षे म्हटले जाते. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हा तो ट्रस्ट, आणि आरोप असा की बिल्डरांना सिमेंटचा कोटा मिळत होता तो या ट्रस्टला दिलेल्या देणग्यांच्या बदल्यात. कलमाचे शब्द मात्र ‘स्वतःसाठी अथवा दुसऱ्या कोणासाठी’ असे आहेत. दीडशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यालाही खिसा आणि ट्रस्ट यांतले अंतर माहीत होते.

सिमेंटसाठी कोणी कशाला देणगी देईल, असे आज तिशीतल्या माणसाला वाटेल. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते, परवान्याशिवाय गोणी मिळत नसे आणि काळ्या बाजारात मिळे ती कितीतरी चढ्या भावाने. आमची न्हाणी आणि मागील ओटा बांधायला वडिलांनी कचेरीच्या किती फेऱ्या घातल्या ते आई मोजून सांगायची. अखेर चार गोण्या आल्या त्या मृगाच्या तोंडावर, आणि एक गोणी वळचणीला भिजून जागच्या जागी दगड झाली. गोणपाट कुजून गेले तरी त्याची शिवण त्या दगडावर उमटलेली आहे. आई त्यावर कपडे आपटायची. तो दगड अजून मागीलदारी आहे आणि या खेपेलाही मी त्यावर पाय घासले. फेब्रुवारी १९८२ मध्ये, म्हणजे अंतुले पदावरून गेल्यावर महिना-दीड महिन्यातच, नियंत्रण अंशतः उठले. कोट्याची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या ट्रस्टला देणगी ‘स्वेच्छेने’ मिळते यावर विश्वास ठेवायचा असेल तर तो दगड एकदा पाहून यावा.

पण त्याच घरात माझी विधवा आत्याही होती. १९८० मध्ये अंतुल्यांनी संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली आणि आत्याच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावाचे पैसे पडले. रक्कम किरकोळच. ती पोस्टाच्या पायरीवर बसून ती दोनदा मोजायची आणि उठताना ‘बॅरिस्टरला उदंड आयुष्य दे’ म्हणायची. कुलाब्याचा रायगड त्यांच्या काळात झाला, सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला, भवानी तलवार लंडनहून आणायची त्यांची घोषणा अजून लोकांच्या ओठांवर आहे. कोकणातला एक मुसलमान मुलगा बॅरिस्टर होतो, मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर बसतो आणि फायलीवर तिथल्या तिथे सही करतो, याचे अप्रूप दोन्ही समाजांना होते. म्हणून १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ मध्ये लोकांनी त्यांना लोकसभेत पाठवले, १९९५ मध्ये ते केंद्रात आरोग्यमंत्री झाले आणि २००६ मध्ये अल्पसंख्याकमंत्री. त्या मतदारांना अडाणी म्हणण्याची माझी छाती नाही. आत्याचे मत फुकट गेले असेही मी म्हणणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे की दहा वर्षांत न्यायालयांनी साध्या होय-नाहीचे उत्तर दिले नाही, आणि ती मोकळी जागा आम्ही आमच्या प्रेमाने भरून तिला ‘निर्दोष’ असे नाव दिले. १३० वी दुरुस्तीही खटला एका दिवसानेसुद्धा लवकर संपवणार नाही. कोठडीचे तीस दिवस मोजले जातील, पुराव्याचे नाही, म्हणजे उद्या आणखी कोणाला तरी ‘उगाच काढलं’ म्हणायला लोक मोकळे.

हे सगळे दादाला फोनवर सांगितले. तो ऐकून घेतो, हा त्याचा मोठा गुण. मग त्याने विचारले, “आणि त्या तिकिटं देणाऱ्याचं काय झालं?” मी गप्प झालो, कारण मी गावी यायच्या दहाबारा दिवस आधीच, १५ ऑगस्टला, त्या हॉटेलवाल्या उद्योगपतींना तीस हजार डॉलर दंड झाला होता. तुरुंग नाही. त्यांना गंभीर आजार आहे आणि न्यायालयाने दया दाखवली, हे मी सांगितले. “मग दया आहे तर तुमच्याकडं,” दादा म्हणाला. आणखी एक गोष्ट मी सांगितलीच नाही. ईश्वरन यांनी गुन्हा कबूल केला म्हणून खटला साक्षीपुराव्यापर्यंत गेलाच नाही, आणि मूळ लाचखोरीचे दोन आरोप सरकारी वकिलांनी ऐन वेळी या सौम्य कलमात बदलले. ५७ साक्षीदार तपासावे लागले असते तर सिंगापूरचे घड्याळ किती वेगाने चालले असते, हे मलाही बघायला आवडले असते.

“आणि तू तिथं असं बोलतोस का, इथं बोलतोस तसं?” हा दादाचा पुढचा प्रश्न होता. नाही बोलत. तेवीस वर्षे झाली, अजून पीआर, म्हणजे नुसता कायम रहिवासी आहे, मुलगा दोन वर्षे इथली सक्तीची राष्ट्रीय सेवा करून आला, तरी मला इथे मत नाही. आणि आंबेतच्या बाजूच्या केंद्रावर यादीत नाव राहिले आहे की नाही हे मी पाहिलेले नाही. कोपीटियममध्ये, म्हणजे इथल्या कॉफीच्या टपरीवर, निवडणुकीचा विषय निघाला की मी कोपी ढवळत बसतो. माझी सगळी निर्भीड मते मी विमानाने गावी नेतो आणि पडवीत सोडतो, जिथे ती ऐकून घेण्यापलीकडे कोणाला काही करावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र दादाला अजून ठाऊक नाही. ईश्वरन यांना शिक्षा झाली त्या दुपारी आमच्या ऑफिसच्या पँट्रीत सगळे फोनवर बातमी वाचत होते. एका चिनी सहकाऱ्याने सहजच, थोडे कौतुकाने आणि थोडे माझ्या अंगावर येईल अशा बेताने विचारले, की तुमच्याकडे असे कधी होते का? अटकेनंतर सहा महिने ईश्वरन कमी पगाराच्या रजेवर मंत्री होते, हे मला तेवढ्यात आठवले. मी त्याला सांगितले की १२ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी एका रिट अर्जावर निकाल दिला, तोही मुख्यमंत्री सत्तेवर असताना आणि त्याच्याविरुद्ध. अटक नव्हती, आरोपपत्र नव्हते, तरी निकालाचा मान राखून त्याने राजीनामा दिला आणि २० तारखेला तो पदावर नव्हता. सहकारी म्हणाला, खरंच? कोण होता हा माणूस?

मी इंग्रजीतच बोलत होतो. पण त्या वाक्यात तेवढा शब्द मराठी आला. ‘आमचे साहेब,’ मी म्हणालो, ‘आमच्याच तालुक्यातले.’