बाळ्याची विलायत आणि नानाची वाकडी बॅरल

बाळ्या इंग्लंडातल्या लीड्सहून परत आल्यापासून साताऱ्यातल्या आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. लेकीकडं दीड महिना राहिला. आम्हाला वाटलेलं पूल, मोठं घड्याळ, राणीचा वाडा असले फोटो दाखवेल, तर ह्याच्या मोबाईलमध्ये निम्मे फोटो बंदुकांचे, राहिलेले चिलखतांचे आणि एक घोड्याच्या सांगाड्याचा (नेपोलियनचा मारेंगो, चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये उभा केलाय). चाळीस वर्षं एमआयडीसीत लेथवर काढलेला माणूस, तो लोखंडच बघणार. मी बाळ्याच्या बाजूचा आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको.

नाना आला, चप्पल काढून कट्ट्यावर मांडी घातली आणि चहा सांगायच्या आधीच सुरू झाला. "ज्यांनी आपल्याला दीडशे वर्षं लुटलं त्यांच्या बंदुका बघायला तू तिकीट काढून गेलास व्हय रे?"

"तिकीट नसतंय तिथं," बाळ्या म्हणाला. "लीड्सचं रॉयल आर्मरीज, म्हणजे जुन्या शस्त्रांचं म्युझियम, फुकट, लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम फुकट, आर्मी म्युझियम फुकट. टॉवर ऑफ लंडनला तेवढे पैसे पडतात."

"फुकट कसलं? आपल्याच पैशावर उभं आहे ते सगळं!"

"मग आपणच बघायला नको का?"

शिऱ्या एवढा हसला की चहा नाकात गेला. नानाला असं मधेच कुणी अडवलं की तो आवाज चढवतो, मुद्दा तोच ठेवतो. वर्गातल्या पोरांसमोर तीस वर्षं हेच केलंय. त्यानं परत लूट, कोहिनूर, दादाभाई असं सगळं एका दमात घेतलं.

बाळ्यानं वाद घातला नाही, मोबाईल पुढं केला. हत्तीचं चिलखत. लीड्सच्या आर्मरीजमध्ये अख्खा हत्ती उभा केलाय आणि त्याच्या अंगावर हे. मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह, म्हणजे प्लासीवाल्या क्लाइव्हचा पोरगा, त्याच्या बायकोनं 1800 च्या आसपास ते हिंदुस्थानातनं नेलं. आज जेवढं शिल्लक आहे तेवढ्यात 5,840 पत्रे आहेत, वजन 118 किलो, आणि काही भाग तर गहाळच आहेत. "मी तिथं तासभर उभा होतो," बाळ्या म्हणाला. "एकेक पत्रा कडीनं शेजारच्याला जोडलाय, हत्तीनं पाय उचलला की सगळं बरोबर हललं पाहिजे. कुणीतरी बसून हे केलंय ना आपल्याकडं, ड्रॉइंग नाही, वेल्डिंग नाही. त्याचं नाव कुठल्याच पाटीवर नाही. क्लाइव्हच्या बायकोचं आहे."

"तेच म्हणतोय मी!" नाना.

"तू तेच म्हणत नाहीयेस. तू म्हणतोयस जाऊ नका."

ह्यावर थोडा वेळ शांतता. मग शिऱ्यानं विचारलं, काका ते बंदूकवाल्यांच्या दुकानात खरंच आत सोडतात का, आणि बाळ्या जो सुटला तो अर्धा तास. लंडनला साउथ ऑडली स्ट्रीटवर पर्डी, 1814 सालचं घराणं. तिथं एकेका बंदुकीची किंमत लाख पौंडाच्या वर, म्हणजे आपले कोटीच्या पुढं, त्यामुळं दारातच ह्याचा पाय अडखळला होता. पण खरा जीव रमला बर्मिंगहॅमला. वेस्टली रिचर्ड्स, 1812 पासूनचे, आधी ईमेल टाकून, वेळ ठरवून हा लेकीला घेऊन कारखाना बघायला गेला. तिथं एक कारागीर लोखंडाचा भाग दिव्यावर धरून काजळी धरवत होता. काजळी धरली की तो भाग दुसऱ्यात बसवायचा, दाबायचा, काढायचा, जिथं काळं उमटलं तिथं बारीक कानस. परत काजळी, परत कानस, असं दिवसभर. बाळ्या म्हणतो मी त्या माणसाला खुणेनंच सांगितलं की आम्ही काजळीच्या जागी ब्लू, म्हणजे निळा रंग, लावून करतो, काम एकच. त्यानं हातातली कानस बाळ्याच्या हातात दिली बघायला. लेक म्हणे बाबा, चला, उशीर होतोय. हा तिथनं हलायला तयार नाही.

"आणि त्यांची ती बंदूक, खालची पट्टी उघडायची आणि आतलं लॉक, म्हणजे गोळी उडवायची कळ, बोटानं उचलून बाहेर. स्क्रू ड्रायव्हर नको काही नको. 1897 चं पेटंट आहे." हे सांगताना त्याचे डोळे असे झाले होते की मला आमच्या शाळेतला बाळ्या आठवला, सायकलचं फ्रीव्हील खोलून बसलेला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची. इंग्रजांनी 1907 च्या सुमारास हिंदुस्थानात .450 बोअरच्या, म्हणजे नळीच्या त्या मापाच्या, रायफलींवर बंदी आणली. फौजेच्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या गोळ्या त्याच मापाच्या, बंडखोरांच्या हाती सामान लागेल ही भीती. मग शिकारी साहेब आणि राजेमहाराजे काय वापरणार? हॉलंड अँड हॉलंडनं .465 काढली, दुसरीकडं .470 आली, आणि ही .470 आज आफ्रिकेत हत्ती-रेड्यांसाठी नावाजलेली रायफल आहे. म्हणजे लंडनच्या मेफेअर भागातल्या बंदूकवाल्यांच्या काचेमागं जे झळकतंय त्याचं माप आपल्या लोकांच्या धास्तीनं ठरलं. हे पुस्तकात कोण सांगतं?

"सोंग आहे सगळं," नाना म्हणाला. "विलायती वस्तूला हात लावायचा नाही असं आमच्या आजोबांनी..."

"नाना, तुमची बुलेट?" शिऱ्या.

समोरच उभी होती. 2004 ची, नाना तिला बायकोपेक्षा जास्त पुसतो. बाळ्यानं लगेच धरलं. एनफिल्ड हे लंडनच्या बाजूचं गाव, तिथं सरकारी बंदुकांचा कारखाना, त्याला सुटे भाग पुरवायचे म्हणून रेडिचच्या सायकलवाल्यांनी ते नाव घेतलं आणि ब्रीद लावलं की गाडी बंदुकीसारखी घडवलीय. त्यांचा छापही तोफेचा. 1857 ला ज्या काडतुसांवरनं भडका उडाला ती एनफिल्ड रायफलचीच. "कारखाना 1988 ला बंद पडला, तिथं आता घरं झालीत. बंदूक गेली, तू राहिलास बसलेला तिच्यावर."

नाना म्हणाला बुलेट मद्रासला बनते. ते खरंच आहे, 1955 पासून बनते. पण उशीर झाला होता.

मग अपेक्षेप्रमाणं गाडी वाघनखांवर आली. साताऱ्यात बसून हा विषय टळतच नाही. नानाचं म्हणणं, तीन वर्षांच्या बोलीवर दिली, आपलीच वस्तू आपल्याला उसनी! इथं मात्र मला नानाचं पटतं, लागतं ते मनाला. रघुजी भोसल्यांची तलवार तर 2025 ला लंडनच्या लिलावात सरकारनं 47 लाख मोजून सोडवून आणली. पण बाळ्यानं विचारलं, त्या नखांच्या पेटीवर काय लिहिलंय माहितेय का? लिहिलंय की शिवाजीनं ह्यानं मुघल सरदाराला मारलं, आणि पेशव्याच्या कारभाऱ्यानं ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफला दिली. "अफझलखान मुघल कधी होता? आदिलशाहीचा. ती ज्यांच्याकडची, ते लंडनचे म्युझियमवालेसुद्धा म्हणतात की हीच ती नखं हे ठरवता येत नाही. आता मला सांग, ही चूक कोण पकडणार? जो जाऊन वाचतो तो. जुलै 2024 ला नखं इथं आली, तुझ्या घरापासनं पंधरा मिनिटांवर. गेलतास?"

"रांग होती."

कुणी काहीच बोललं नाही. नानानं ग्लास खाली ठेवला.

सुभेदार तोवर गप्पच होते. मराठा लाइट इन्फंट्रीत अठ्ठावीस वर्षं, गाव अपशिंग्याच्या जवळचं, घरटी एक फौजेत. बोलले तेव्हा एवढंच विचारलं, "बाळासाहेब, आपल्या पोरांचं काही आहे का तिथं?"

बाळ्यानं शोधून एक फोटो काढला. बकिंगहॅमच्या जवळ कॉन्स्टिट्यूशन हिलवर मेमोरियल गेट्स आहेत, शेजारी छत्री आहे, तिच्या घुमटात आत व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस ही शौर्यपदकं मिळवलेल्यांची नावं कोरलीत. त्यात यशवंत घाडगे, नामदेव जाधव. सुभेदारांनी फोटो मोठा केला, चष्मा वर केला, आणि सांगायला लागले. घाडगे बावीस वर्षांचे. 10 जुलै 1944, इटली. मशीनगनच्या माऱ्यात बरोबरचे सगळे पडले, हे एकटेच टॉमीगन चालवत पळत गेले, बॉम्ब टाकला, मशीनगन बंद केली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून तीच बंदूक बॅरलकडनं धरून राहिलेल्या दोघांना संपवलं. मग लांबनं गोळी लागली. माणगावात पुतळा आहे. इटलीत मोंटोनला 2023 मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ बसवलंय.

"आम्हाला रिक्रूट असताना हे पाठ होतं," सुभेदार म्हणाले. "पण नाव तिथं दगडात आहे हे आज बघितलं. मला पाठवा हा फोटो."

मी नानाकडं बघितलं. नानाचे डोळे भरले होते, खोटं बोलत नाही. त्याचा राग खरा आहे हे मला कायम माहीत आहे. तो राग घेऊन त्यानं एकदा त्या घुमटाखाली जाऊन उभं राहावं असं मला फार वाटतं.

बाळ्यालाही ते दिसलं असावं, कारण त्यानं मुद्दाम विषय हलका केला. दुनळी रायफलीबद्दल सांगायला लागला. दोन बॅरली शेजारी शेजारी सोल्डर केलेल्या, पण दोन्हीची गोळी लांबवर एकाच जागी लागली पाहिजे. मग एक माणूस असतो, तो फक्त गोळी झाडून बघतो, लागली नाही तर सोल्डर तापवायचं, मधली पाचर केसभर सरकवायची, परत झाडायची. आणि बॅरल सरळ आहे का हे पूर्वी कसं बघायचे, तर उजेडाकडं धरून आतनं. आत सावलीची रेघ पडते. रेघ मोडली की बॅरल वाकडी.

"बघा!" नाना एकदम उसळला. "मी हेच सांगत होतो! पालीच्या यात्रेत! बॅरल वाकडी होती!"

शिऱ्याला माहीत नव्हतं, त्यामुळं सांगावं लागलं. 1987, पालीच्या खंडोबाची यात्रा, नानाचं नवीन लग्न, फुगे फोडायच्या स्टॉलवर हा बायकोसमोर ऐटीत उभा राहिला आणि दहा गोळ्यांत एकही फुगा नाही. मग स्टॉलवाल्याशी भांडण, बॅरल वाकडी, पैसे परत दे, पाटलाला बोलवा. आम्ही चौघांनी धरून आणला होता.

"मी उजेडाकडं धरून बघायला पाहिजे होती," नाना म्हणाला.

"नाना," बाळ्या अगदी शांतपणे म्हणाला, "त्यानंतर वहिनींनी तीच बंदूक घेतली होती. सात फोडले."

सुभेदारांना मी इतक्या वर्षांत असं हसताना बघितलं नव्हतं. टपरीवाला बाहेर आला काय झालं बघायला. नाना लाल झाला, चप्पल शोधायला लागला, एक सापडली, दुसरी शिऱ्यानं कट्ट्यामागं टाकली होती.

"तिच्या वेळेला वारा पडला होता," नाना म्हणाला.