जायचं कसं?

निघायची वेळ झाली की चुकूनही 'जातो' म्हणू नका. 'येतो' म्हणा. उंबरठ्यावर थांबून 'येतो हं' असं चारदा बजावायचं आणि पुढचा अर्धा तास तिथेच गप्पा मारायच्या, ही रीत. 'जातो' म्हणणाऱ्याला घरातली मोठी माणसं तिथल्या तिथे दुरुस्त करतात. कारण मराठीत नुसतं 'ते गेले' म्हटलं, की पुढचा प्रश्न 'कुठे?' नसतो, 'कधी?' असतो.

कोणी व्युत्पत्ती विचारलीच, तर खाकरून सांगा: 'जाणे' हे संस्कृत 'या' धातूचं, प्राकृतातल्या 'जाइ'वरून आलेलं. 'गेला' मात्र 'गम्'मधल्या 'गत'चा. देवळाबाहेर चपला बदलाव्यात तसा या क्रियापदाचा धातूच बदलला, आणि कोणी तक्रारही केली नाही. श्रोते अजून टिकून असतील, तर 'जावई'सुद्धा 'जा'वरूनच आला असं ठोकून द्या. खरं तर तो 'जामातृ'वरून आला. त्याचा जाण्याशी काही संबंध नाही, हे सासरेबुवांना व्याकरण न शिकताही कळलेलं असतं.

नोकरीतून जाताना थोडी अरबी उपयोगी पडते. 'रजा' म्हणजे मुळात संमती, खुशी. 'राजी' त्याच घराण्यातला, त्याला फारसी 'नामा' जोडला की झाला संमतीचा कागद. तेव्हा साहेबांनी दार लावून घेऊन 'राजीनामा द्या' म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. ते तुमची खुशीच विचारतायत. फक्त ती संध्याकाळच्या आत सहीनिशी हवी असते.

पण खरं कसब जागचं न हलता जाण्यात आहे. 'जाणे' सहायक म्हणून जोडा आणि बघा. 'मी चूक केली' असं भाबडेपणाने लिहू नका, 'चूक केली गेली' लिहा. कर्ता वाक्यातून पसार! निर्णय 'घेतला गेला', पैसे 'दिले गेले', फाइल 'हलवली गेली'. घेणारा, देणारा, हलवणारा, तिघेही खुर्चीत शाबूत. चौकशीची मागणी झाली तर तीही 'केली जाईल' म्हणावं. त्या 'जाईल'ला मुदत नसते.

एवढं करूनही कोणी जाब विचारलाच, तर हसून 'जाऊ दे हो' म्हणा. ते खरं समोरच्याने म्हणायचं असतं. पण त्याची वाट कशाला बघायची?